प्रकाशाचा जमाखर्च लिहिणारे प्राध्यापक पॉइंटिंग

विज्ञानशाखेत दोन-तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्यास पॉइंटिंग हे नाव ठाऊक असते. पण ते बहुधा माणसाचे नाव म्हणून नव्हे, तर एका बाणाचे नाव म्हणून. वीज आणि चुंबकत्व यांच्या क्षेत्रातून ऊर्जा कोणीकडे आणि किती प्रमाणात वाहते हे दाखवणाऱ्या राशीस पॉइंटिंग सदिश म्हणतात. इंग्रजीत ह्या आडनावाचा उच्चार बोट दाखवणे ह्या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. त्यामुळे दिशा दाखवणारी राशी म्हणून तिला हे नाव पडले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः जॉन हेन्री पॉइंटिंग नावाचे एक प्राध्यापक इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे होऊन गेले, आणि प्रकाश आपल्याबरोबर काय काय नेतो ह्याचा जमाखर्च मांडण्यात त्यांनी जवळजवळ सारे आयुष्य घालवले.

ह्या जमाखर्चात तीन रकमा होत्या. प्रकाश ऊर्जा नेतो, ही पहिली. तो ज्यावर पडतो त्यास धक्का देतो, ही दुसरी. आणि विशिष्ट प्रकारचा प्रकाश ज्यावर पडतो त्यास फिरवू पाहतो, म्हणजे आपल्याबरोबर पीळ नेतो, ही तिसरी. पहिल्या रकमेने त्यांस कीर्ती दिली. दुसरी त्यांनी स्वतः मोजून पाहिली. तिसरी मात्र कागदावर मांडून, ती प्रयोगाने सापडेल अशी आशा आपणांस फारशी नाही असे प्रांजळपणे नोंदवून ते निघून गेले. आज तिसऱ्या रकमेचे महत्त्व पहिल्या दोहोंपेक्षा कमी मानले जात नाही.

धर्मोपदेशकाचा मुलगा

पॉइंटिंग यांचा जन्म ९ सप्टेंबर १८५२ रोजी मँचेस्टरजवळील मॉन्टन ह्या गावी झाला. वडील युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते व स्वतःची शाळाही चालवीत. मुलाचे आरंभीचे शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. १८६७ मध्ये ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात दाखल झाले, आणि पाच वर्षांनी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १८७६ च्या गणिताच्या परीक्षेत ते तिसरे रँग्लर झाले. हा शब्द मराठी वाचकांस रँग्लर परांजपे यांच्यामुळे परिचित आहे. परांजपे त्याच परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झाले होते.

केंब्रिजहून पॉइंटिंग पुन्हा मँचेस्टरास आले आणि बॅल्फर स्ट्यूअर्ट यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत शिकवू लागले. तेथे त्यांची गाठ जे. जे. थॉमसन नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याशी पडली. पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधाने जगप्रसिद्ध झालेले थॉमसन ते हेच. दोघांचा स्नेह जन्मभर टिकला, आणि पदार्थविज्ञानावरील त्यांची संयुक्त पाठ्यपुस्तके अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होती.

१८७८ मध्ये ट्रिनिटीची फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी काही काळ मॅक्सवेल यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम केले. प्रकाश म्हणजे वीज व चुंबकत्व यांची लहर होय, हे सांगणारे मॅक्सवेल १८७९ मध्ये वारले. त्यांची समीकरणे मागे राहिली होती. त्यांतून अर्थ काढण्याचे काम पुढच्या पिढीवर पडले.

पहिली रक्कम : ऊर्जा

बर्मिंगहॅमात जोसाया मेसन नावाचे एक कारखानदार होते. टाकांच्या पोलादी निबांवर त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि त्यातून गावात विज्ञानाचे एक कॉलेज काढले. १८८० मध्ये ते सुरू झाले तेव्हा पॉइंटिंग तेथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. १९०० मध्ये त्या कॉलेजाचे विद्यापीठ झाले, पण पॉइंटिंग यांनी जागा सोडली नाही. एकाच गावी चौतीस वर्षे त्यांनी अध्यापन केले.

येथेच १८८४ मध्ये त्यांचा ऊर्जेच्या वहनावरील निबंध प्रसिद्ध झाला. तोवर सर्वसामान्य समज असा होता की, नळातून पाणी यावे तशी तारेतून ऊर्जा येते. पॉइंटिंग यांनी मॅक्सवेल यांच्या समीकरणांवरून दाखवले की, ऊर्जा तारेच्या आतून धावत नाही. ती तारेभोवतालच्या अवकाशातून वाहते आणि बाजूने तारेत शिरते. तार ही केवळ वाट दाखवणारी. हाच नियम सूर्यापासून आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशासही लागू पडतो. ऑलिव्हर हेव्हिसाइड हेही स्वतंत्रपणे ह्याच निष्कर्षास पोहोचले, पण नाव राहिले ते पॉइंटिंग यांचे.

त्याच वर्षी त्यांनी गव्हाच्या भावातील आणि इंग्लंडात येणाऱ्या कापूस व रेशमाच्या आयातीतील चढउतारांची तुलना करणारा निबंध लिहिला होता. वर्षावर्षाचे आकडे एकमेकांत मिसळून सरासरी काढत गेले म्हणजे आतला खरा कल दिसतो, ही रीत त्यात होती. आकड्यांच्या गर्दीतून खरी गोष्ट वेगळी काढावयाची, हा त्यांचा स्वभावच होता.

तराजू आणि जमीन

ह्या स्वभावाची कसोटी लागली ती पृथ्वीच्या घनतेच्या प्रयोगात. मँचेस्टरात आरंभिलेले हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. एका मोठ्या तराजूच्या दोन्ही टोकांस शिशाचे गोळे टांगलेले. खाली फिरत्या पाटावर सुमारे दीडशे किलोचा मोठा गोळा. पाट फिरवून तो गोळा कधी ह्या तर कधी त्या टांगत्या गोळ्याखाली आणावयाचा, आणि त्याच्या आकर्षणाने वजनात पडणारा सूक्ष्म फरक दुर्बिणीतून वाचावयाचा. त्यावरून सारी पृथ्वी किती जड हे काढावयाचे.

परंतु आकडे जुळेनात. शोध घेता असे आढळले की, मोठा गोळा इकडून तिकडे नेला की त्याच्या भाराने खोलीची जमीनच किंचित कलते, आणि तिच्याबरोबर तराजूही. पॉइंटिंग यांनी पाटाच्या दुसऱ्या बाजूस, दुप्पट अंतरावर, निम्म्या वजनाचा गोळा बसवून हा कल काढून टाकला व सारी मोजणी नव्याने केली. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४९३४ पट येते असे त्यांनी १८९१ मध्ये जाहीर केले. आज मान्य असलेला आकडा सुमारे ५.५१ आहे. ह्या कामासाठी केंब्रिजने त्यांस १८९३ चे अ‍ॅडम्स पारितोषिक दिले. पृथ्वी तोलणाऱ्या ह्याच हातांनी पुढे प्रकाशाचा धक्का मोजावयास घेतला.

दुसरी रक्कम : धक्का

प्रकाश वस्तूवर दाब देतो हे मॅक्सवेल यांचे भाकीत होते. रशियात लेबेडेव्ह यांनी आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ते प्रयोगाने खरे करून दाखवले. हा दाब किती अल्प ते पाहा. एक मीटर लांब व एक मीटर रुंद काळ्या फळीवर भर दुपारचे ऊन सरळ पडले तर त्याचा सारा धक्का अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाइतकाच भरतो. पॉइंटिंग यांनी आपले सहकारी गाय बार्लो यांच्यासमवेत तिरप्या पडणाऱ्या प्रकाशाची ढकल मोजली. बंदुकीतून गोळी सुटताच बंदूक मागे सरते, तद्वत प्रकाश टाकणारा पृष्ठभागही मागे रेटला जातो, हेही त्यांनी दाखवले.

१९०३ मध्ये हा विचार त्यांनी सूर्यमालेस लावून पाहिला. सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या कणावर ऊन पडते. कण तापतो व ती उष्णता चोहोंकडे परत टाकतो. परंतु कण स्वतः धावत असल्यामुळे ह्या देवघेवीत तो आपल्या फेऱ्यातील थोडी गती गमावतो. फेऱ्यातील ह्या गतीचे जे माप, त्यास शास्त्रात कोनीय संवेग म्हणतात. वस्तूचे वजन, तिचा वेग आणि मध्यापासूनचे अंतर ह्या तिन्हींवर ते अवलंबून असते. कणाचा कोनीय संवेग किरणांबरोबर निघून जातो आणि कण गिरक्या घेत सूर्याकडे ओढला जातो. पृथ्वीइतक्या अंतरावरील, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा कण काही हजार वर्षांत सूर्यात जाऊन पडतो. १९३७ मध्ये रॉबर्टसन यांनी सापेक्षतावादाच्या आधारे ह्या गणितात दुरुस्ती केली, आणि ह्या परिणामास दोघांचे नाव मिळाले.

ह्याच सुमारास मंगळावर कालवे व वस्ती असल्याची चर्चा जोरात होती. मंगळास मिळणाऱ्या उन्हाचा हिशेब करून, तेथील सरासरी उष्णतामान पाणी गोठण्याच्या बरेच खाली असले पाहिजे, असे पॉइंटिंग यांनी सांगितले. अवकाशयानांनी पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरवले.

तिसरी रक्कम : पीळ

आता तिसऱ्या रकमेकडे वळू. काही प्रकाशलहरींत विजेचा जोर एकाच रेषेत मागेपुढे न होता लहरीच्या वाटेभोवती गोल फिरत पुढे जातो. अशा प्रकाशास वर्तुळ ध्रुवित प्रकाश म्हणतात. तो उजवीकडे फिरणारा असतो किंवा डावीकडे फिरणारा असतो.

१९०९ मध्ये पॉइंटिंग यांनी ह्या प्रकाशाची तुलना फिरत्या शाफ्टशी केली. जुन्या गिरणीत एका टोकाला इंजिन असे व लांबच लांब शाफ्ट छताखालून जाऊन साऱ्या यंत्रांना चालवीत असे. शाफ्ट जागच्या जागी फिरतो, पण त्याच्या अंगात पीळ भरलेला असतो आणि त्या पिळातूनच शक्ती दूरवर पोहोचते. किती शक्ती गेली हे काढावयाचे तर पिळाचा जोर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार करावयाचा. म्हणजे तीच शक्ती सावकाश फिरणाऱ्या शाफ्टने न्यावयाची असेल, तर पीळ अधिक लागतो. पॉइंटिंग यांचे म्हणणे असे की, गोल फिरणारी प्रकाशलहरही ह्याच न्यायाने वागत असली पाहिजे. ती ऊर्जा नेते त्याबरोबर पीळही नेते, आणि लहर जितकी लांब, म्हणजे तिचे फिरणे जितके सावकाश, तितका ठरावीक ऊर्जेमागे पीळ अधिक.

हिशेब करता आकडा मोठा निराशाजनक येतो. मघाच्या फळीवर पडणारे सारे ऊन वर्तुळ ध्रुवित केले, तरी फळीस मिळणारा पीळ कसा? अर्ध्या मिलिग्रॅमचे वजन, आणि ते टांगावयास मिलिमीटरच्या सुमारे साडेबारा हजाराव्या भागाएवढी दांडी! जमिनीचा कल ओळखणाऱ्या आणि प्रकाशाचा धक्का मोजणाऱ्या ह्या माणसास आपल्या साधनांची मर्यादा पुरती ठाऊक होती. त्यांनी हे भाकीत सिद्धान्त म्हणून न मिरवता एक सूचना म्हणून मांडले, आणि अनुभवावरून पाहता प्रयोगाची आशा थोडीच आहे हेही लिहून ठेवले.

माणूस

पॉइंटिंग यांची राहणी साधी होती. विद्यापीठात विज्ञानशाखेचे डीन म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि गावात जस्टिस ऑफ द पीस म्हणूनही जबाबदारी सांभाळली. १८८८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९०५ मध्ये सोसायटीचे रॉयल मेडल त्यांस मिळाले. निसर्गाचे नियम म्हणजे आज्ञा नव्हेत, ती आपण पाहिलेल्या गोष्टींची वर्णने आहेत, अशी त्यांची धारणा होती. १८९९ च्या ब्रिटिश असोसिएशनमधील भाषणात त्यांनी ती विस्ताराने मांडली. प्रकाशाच्या दाबावर व पृथ्वीवर त्यांनी सामान्य वाचकांसाठी छोटी पुस्तकेही लिहिली.

त्यांस मधुमेह होता. इन्सुलिनचा शोध लागावयास अजून सात वर्षे होती. ३० मार्च १९१४ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथे त्यांचे देहावसान झाले.

मागाहून आलेली पावती

पॉइंटिंग गेले त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ माक्स आब्राहाम यांनी प्रकाशाच्या कोनीय संवेगाचे गणित पुढे नेले. आदल्याच वर्षी नील्स बोर यांनी, अणूतील इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग ठरावीक एककांच्या पटीतच असतो, अशी कल्पना मांडली होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवताच एक नवल दिसले. प्रकाश पुंजापुंजाने येतो असे मानून पॉइंटिंग यांचा नियम लावला, तर रंग कोणताही असो, वर्तुळ ध्रुवित प्रकाशाच्या प्रत्येक पुंजामागे पीळ येतो तो बरोबर बोर यांच्या एका एककाइतका! १९१८ मध्ये रुबिनोविच आणि बोर यांनी ह्याचा उपयोग करून, अणू कोणते किरण टाकू शकतो व कोणते नाही, ह्याचे नियम काढले. अणूतून बाहेर जाणाऱ्या किरणाने जेवढा पीळ नेला, तेवढाच अणूच्या हिशेबातून वजा झाला पाहिजे.

आपल्या देशाचाही ह्यात वाटा आहे. १९३१ मध्ये कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन आणि सूरी भगवंतम् यांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या अभ्यासावरून, प्रकाशपुंजास स्वतःचा पीळ असतो ह्याचा पुरावा मांडला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या मनात ही कल्पना आधीच होती, हेही त्यांनी त्या निबंधात नमूद केले. मग १९३६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बेथ यांनी, जे पॉइंटिंग यांस अशक्यप्राय वाटले होते, ते प्रत्यक्ष केले. क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म तंतूवर स्फटिकाची एक चकती टांगून तिच्यातून त्यांनी वर्तुळ ध्रुवित प्रकाश सोडला. त्याची फिरण्याची दिशा चकतीत उलटे, त्यामुळे चकतीस दुप्पट पीळ मिळे; तोच प्रकाश परत पाठवून त्यांनी परिणाम आणखी दुप्पट केला. चकती वळली, दिशा आणि माप दोन्ही पॉइंटिंग यांच्या गणिताशी जुळले. १९४९ मध्ये इटलीत कारारा यांनी सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर हाच प्रयोग केला. लांब लहरीचा पीळ अधिक, हे पॉइंटिंग यांचेच सूत्र तेथे कामी आले.

बाणाची तक्रार

एक गमतीची अडचण मात्र पॉइंटिंग यांच्याच १८८४ च्या बाणाने उभी केली. समजा, मध्ये एक विद्युद्भार गोल फिरतो आहे आणि त्यातून लहरी चोहोंकडे जात आहेत. फार दूरवर पॉइंटिंग सदिश पाहिला तर तो थेट बाहेरच्या दिशेस असतो. आता मध्यापासून सरळ बाहेर जाणाऱ्या वस्तूस त्या मध्याभोवती कोनीय संवेग असत नाही. मग फिरणाऱ्या भाराने गमावलेला पीळ गेला कोठे?

उत्तर जात्याच्या खुंट्यात आहे. खुंटा मध्यापासून जितका दूर, तितक्या कमी जोराने जाते फिरते. दूर जाणाऱ्या लहरींचा प्रवाह अगदी सरळ नसतो, त्यात एक नाममात्र आडवा भाग उरतो. अंतर दुप्पट झाले की मुख्य प्रवाहाच्या मानाने हा आडवा भाग निम्मा होतो. पण मध्यापासूनचा हातही दुप्पट लांबतो. दोहोंचा गुणाकार कायम राहतो, म्हणून पीळ अनंत अंतरापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. सदिश चुकला नव्हता. त्याच्याकडे फार ढोबळ नजरेने पाहिले जात होते.

हाच विचार अधिक गुंतागुंतीच्या स्रोतांसही लागू आहे. दोन टोकांच्या स्रोतास द्विध्रुव, चारांच्यास चतुर्ध्रुव, आणि ह्या साऱ्यांस मिळून बहुध्रुव म्हणतात. आपल्याच पातळीत फिरणारा चतुर्ध्रुव अर्ध्या फेरीतच पुन्हा पूर्वीसारखा दिसतो, म्हणून त्याची लहर त्याच्या फिरण्याच्या दुप्पट कंपनांची असते. उलट बाजूने पाहिले तर, तेवढ्याच कंपनांच्या लहरीसाठी त्यास द्विध्रुवाच्या निम्म्या वेगाने फिरावे लागते. सावकाश फिरणाऱ्या शाफ्टचा नियम आठवला की लगेच कळते की, तेवढ्याच ऊर्जेमागे तो दुप्पट पीळ नेणार. म्हणूनच चतुर्ध्रुवी पुंज दोन एकके नेऊ शकतो, आणि त्याहून वरचे आणखी अधिक.

ह्या हिशेबाचा उपयोग आज इस्पितळांत रोज होतो. हाडे व हृदय यांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९ ची जी उत्तेजित अवस्था वापरतात, तिच्यातून थेट खाली उतरावयाचे तर अणुकेंद्रास एकाच किरणाबरोबर किमान चार एकके पीळ घालवावा लागतो. एवढे ओझे नेणारा किरण क्वचितच निघतो. केंद्र बहुधा दोन पायऱ्यांनी उतरते, पण तेथेही पहिली पायरी तीन एककांची आणि फार थोड्या ऊर्जेची असते. म्हणून ही अवस्था क्षणात न संपता सुमारे सहा तासांत निम्मी होते. औषध तयार करून रोग्यास देण्यास व छायाचित्र घेण्यास तेवढा अवकाश पुरतो.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील एका इमारतीस आणि चंद्रावरील एका विवरास पॉइंटिंग यांचे नाव आहे. पण त्यांची खरी आठवण त्यांच्या वहीतील तिसऱ्या रकमेत आहे. जे आपणांस सिद्ध करता येणार नाही ते त्यांनी ठामपणे सांगितले नाही, आणि जे तर्काने योग्य दिसते ते सिद्ध होणार नाही म्हणून दडवूनही ठेवले नाही. रक्कम लिहिली, पुढे शंकेची खूण केली, आणि वसुली पुढच्या पिढीवर सोपवली. सत्तावीस वर्षांनी ती वसूल झाली.